मार्चएंड यांस, यमुनाकाठावरून

मार्चएंड,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडते आहे, कारण तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही. तुमचं नाव कुठल्या आरोपपत्रात येणार नाही. ऑडिटमध्ये आक्षेप निघालाच तर तो एखाद्या कारकुनावर निघेल, एखाद्या प्राध्यापकाला खुलासा लिहावा लागेल, आणि तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा ताठ मानेने हजर व्हाल. म्हणून हे पत्र उघड लिहिते. दिल्लीतल्या कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी वस्त्यांमध्ये, खेड्यांमध्ये जाऊन जे काम करायचं असतं, त्याचा गळा दरवर्षी तुम्ही दाबता, असा माझा आरोप आहे. पैसे कमी मिळतात ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण कमी पैशांत काम करायला माणसं तयार असतात. चुकीच्या वेळी आलेल्या पैशांत मात्र काम करताच येत नाही, फक्त खर्च करता येतो.

मी दिल्लीच्या एका कॉलेजात शिकवते. आमचे विद्यार्थी यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरमैदानात, मयूर विहारच्या बाजूला, नदीलगत भाजी पिकवणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवतात. वर्ग सौर दिव्यावर चालतो. मुली पाणी भरून झालं की येतात, मुलगे पालकाच्या जुड्या बांधून झाल्या की येतात. ह्या वर्गासाठी काय लागतं? वह्या, दिव्याची बॅटरी, वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीला महिन्याचं मानधन, आणि विद्यार्थ्यांचं जाण्यायेण्याचं भाडं. ह्यापलीकडे फारसं काही नाही. प्रस्ताव एप्रिल-मे महिन्यात पाठवायचा. तो छाननी समितीपुढे जातो, समितीची बैठक पुढे ढकलली जाते, दिवाळीनंतर मंजुरीचं पत्र येतं, आणि पैसे फेब्रुवारीत उतरतात. मग 31 मार्च घेऊन तुम्ही दारात उभे असता.

आता दिल्लीचं वर्ष कसं असतं ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही इथे राहून ते कधी पाहिलेलं दिसत नाही. मे आणि जूनमध्ये इथे उन्हाने माणसं मरतात. पत्र्याखालच्या खोल्यांत लहान मुलं तापतात, तेव्हा ओआरएसची पाकिटं आणि घरोघर फिरणारी माणसं हवी असतात. जुलैत नदी चढते. पावसाळा सरला की डेंग्यू येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा जोर असतो. नोव्हेंबरात धुरकं दाटलं की शाळा बंद होतात आणि ज्यांच्या घरात एकच फोन आहे ती मुलं अभ्यासातून बाहेर फेकली जातात. फेब्रुवारीच्या मध्यावर सीबीएसईची दहावी-बारावीची परीक्षा सुरू होते. म्हणजे दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे पैसे, ती मुलं परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेली असतात तेव्हा येतात. डेंग्यूच्या जनजागृतीची फेरी आम्ही मार्चमध्ये काढायची. पेरणी आटोपल्यावर बियाणं वाटावं तसा हा कारभार आहे, आणि त्याला तुम्ही आर्थिक शिस्त म्हणता. अख्ख्या वर्षात दिल्लीची हवा सगळ्यात सुखाची असते ती नेमकी तुमच्या महिन्यात. त्या महिन्यात वस्तीला आमची सर्वांत कमी गरज असते.

2023 चा जुलै तर तुम्ही विसरूच नये. 13 जुलैला जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी 208.66 मीटर झाली. त्याआधीचा विक्रम 1978 चा होता, 207.49 मीटरचा. खादरातली घरं, शेतं, गुरांचे गोठे सगळं पाण्याखाली गेलं आणि माणसं मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत येऊन राहिली. पाणी आयटीओ चौकापर्यंत आलं. त्याच आयटीओपासून बहादूर शाह जफर मार्ग सुरू होतो आणि त्याच मार्गावर विद्यापीठ अनुदान आयोगाची कचेरी आहे. पाणी तिथपर्यंत पोचलं, पण खादरात आधीपासून काम करणाऱ्या मुलामुलींच्या हातात त्या महिन्यात खर्चायला अधिकृत असा एक रुपया नव्हता. नवीन वर्षाची मंजुरी यायची होती आणि जुन्या वर्षाचं जे उरलं होतं ते तुम्ही 31 मार्चला परत नेलं होतं. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. वह्या, ताडपत्री, मुलींसाठी सॅनिटरी पॅड त्यांनी स्वतःच्या खिशातून आणले. त्या खर्चाला कुठलंच लेखाशीर्ष नाही, त्यामुळे कागदोपत्री तो झालेलाच नाही. तुमच्या फायलीत त्या वर्षी खादरात जे घडलं ते पुढच्या मार्चमधलं आहे: एक कार्यशाळा, एक फलक, एक चहापान.

ह्या शहरात एक मराठी माणूस येऊन गेला. त्याच्यासमोर तुम्हाला उभं करायची माझी फार इच्छा आहे. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. सरकारी तिजोरीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस म्हणजे कोण, तर हा. त्यांना कोणी भाबडा समाजसेवक म्हणू शकणार नाही. 28 ऑगस्ट 1959 रोजी राष्ट्रीय सेवेच्या योजनेसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने सांगितलं की शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवेत घालवावं आणि ते सक्तीचं असावं. सलग नऊ महिने! एक आख्खा पावसाळा, एक आख्खा हिवाळा गावात काढावा, एवढा वेळ त्यांना आवश्यक वाटला. सक्ती असावी की नसावी ह्यावर माझं मत वेगळं आहे. पण वेळेबद्दल त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गावाशी ओळख व्हायलाच तेवढा काळ लागतो.

शिफारस बाजूला पडली. कारणं दिली गेली ती पैशांची आणि अंमलबजावणीतल्या अडचणींची. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या राष्ट्रसेवेच्या योजना अभ्यासल्या, कोठारी आयोगाने विद्यार्थ्यांनी समाजसेवेत उतरावं असं पुन्हा सांगितलं, आणि गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे ‘एनएसएस’, सुरू केली. राव हेही एके काळी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. 37 विद्यापीठं, 40 हजार विद्यार्थी अशी ती सुरुवात. नऊ महिन्यांचे झाले वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर. कित्येक वर्षं ह्या योजनेत एका स्वयंसेवकामागे नियमित कामासाठी वर्षाला 250 रुपये आणि शिबिरासाठी 450 रुपये असा दर होता. 250 भागिले 120. तासाला दोन रुपयांच्या थोडं वर. महाराष्ट्रात ज्यांनी ‘एनएसएस’ची शिबिरं केली आहेत, बंधारे बांधलेत, गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झोपून श्रमदान केलंय, त्यांना ठाऊक आहे की एवढ्याशा पैशांतही केवढं काम उभं राहतं. त्या तुटपुंज्या पैशांवरही तुम्ही डोळा ठेवलात. शिबिराचे पैसे उशिरा येतात, मग कार्यक्रम अधिकारी पदरमोड करतो, किराणा उधार आणतो, आणि मार्चअखेर बिलं पास व्हावीत म्हणून अकाउंट्सच्या खिडकीपाशी उभा राहतो.

कागदावर तर आम्ही फार श्रीमंत आहोत. 1977 साली अनुदान आयोगाने धोरण म्हणून मान्य केलं की विस्तारकार्य हे विद्यापीठाचं तिसरं कर्तव्य आहे, अध्यापन आणि संशोधन यांच्याच तोलाचं. 11 नोव्हेंबर 2014 रोजी उन्नत भारत अभियान सुरू झालं. त्याचं देशभराचं काम हौज खासमधून, दिल्लीच्या आयआयटीतून चालतं आणि आपल्या विजय भटकरांनी त्याच्या सुकाणू समितीचं अध्यक्षपद सांभाळलेलं आहे. प्रत्येक संस्थेने पाच गावं दत्तक घ्यावीत, घरोघर पाहणी करावी, गावाची गरज ओळखून तंत्रज्ञान न्यावं, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम आहे. आयआयटीत ग्रामीण विकास आणि तंत्रज्ञानाचं केंद्र 1979 पासून आहे, त्यातून ती आलेली आहे, हवेतून नाही. 2020 मध्ये अनुदान आयोगाने सामाजिक जबाबदारीचा आराखडा काढला आणि विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन केलेल्या कामाला क्रेडिट मिळावं असं सुचवलं. पण पाच गावांच्या पाच ग्रामसभांना, त्यांच्या पेरण्यांना, लग्नसराईला, निवडणुकांना तुमची तारीख लागू होत नाही. गाव आपल्या वेळेने चालतं आणि पैसा तुमच्या.

तुमच्या राज्यातला एक दिवस जवळून दाखवते. मार्चचा शेवटचा आठवडा, कॉलेजची स्टाफरूम. लांब टेबलावर कागदांचे गठ्ठे. ए-फोर कागदांवर बिलं चिकटवायचं काम चाललंय, डिंकाची बाटली ह्या हातातून त्या हातात फिरते आहे. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो संपलाय, म्हणून एक जण पोस्टात धावलाय. एका खरेदीसाठी तीन कोटेशन्स आहेत. तिन्ही वेगळ्या दुकानांची, पण तिन्हीत एकाच शब्दाचं स्पेलिंग सारखंच चुकलेलं आहे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वह्यांची ऑर्डर टाकली होती, विक्रेत्याने ती नाकारली, आता पुन्हा टाकायला दिवस उरलेले नाहीत. मग काय घेता येईल? जे आजच्या आज बिलासकट मिळेल ते. फ्लेक्स आजच्या आज मिळतो. छापील टी-शर्ट आणि टोप्या मिळतात. जेवणाची पाकिटं मिळतात. स्मृतिचिन्हं मिळतात. ट्रॅव्हल एजन्सीची गाडी मिळते आणि तिचं पक्कं बिल मिळतं.

ई-रिक्शाचं बिल मिळत नाही. आमचे विद्यार्थी मेट्रो स्टेशनपासून खादराच्या तोंडापर्यंत दहा रुपयांच्या शेअर ई-रिक्शाने जातात, आठवड्यातून अनेकदा, वर्षभर. हा ह्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा खर्च. तो दाखवताच येत नाही, कारण ई-रिक्शावाला जीएसटी क्रमांक असलेली पावती फाडत नाही. एका दिवसाची वातानुकूलित गाडी मात्र बिनबोभाट पास होते. प्रामाणिक माणसाने स्वतःच्या खिशातून द्यायचं आणि उधळपट्टी सरकारी खात्यात बसवायची, हे वळण तुम्ही लावलंत.

आणि ह्या सगळ्यावर शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र बसतं. युटिलायझेशन सर्टिफिकेट, थोडक्यात यूसी, फॉर्म 12-ए. रक्कम ज्या कामासाठी मंजूर झाली त्याच कामासाठी वापरली, असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. बँकेत त्या पैशांवर व्याज पडलं असेल तर तेही भारताच्या संचित निधीत भरायचं. हे मला मान्य आहे, सरकारचा पैसा आहे. पण वापरली म्हणजे काय झालं, हे तुमच्यापैकी कोणी खादरात येऊन विचारलंय का? कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते तेव्हा जिओटॅग असलेले फोटो मागते आणि उपक्रम मोजते. वर्षभर चाललेला वर्ग हा एक उपक्रम. तासाभराची रॅली हाही एक उपक्रम. मग ज्या कॉलेजला गुण हवेत ते कशाकडे वळेल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

आमच्या वर्गात शिकवणारी वस्तीतली मुलगी बारावी झालेली होती. मुलांची नावंच काय, कोणाच्या घरी आजी आजारी आहे, कोणाचा बाप दारू पितो, कोणाला चष्मा लागलाय, हे सगळं तिला तोंडपाठ. आमचे विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन जातात, ती कायमची होती. खरा वर्ग तिचाच होता. तिचं मानधन मंजूर होतं, बारा महिन्यांचं, कागदावर. प्रत्यक्षात एप्रिलपासून काहीच नाही आणि फेब्रुवारीअखेर एकदम सगळं. घरात खाणारी पाच तोंडं असताना कोणी दहा महिने उधारीवर शिकवू शकत नाही. ती नोएडाच्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात धागे कापायच्या कामाला लागली. तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो. तिला कोणी काय म्हणून अडवावं? तिच्यामागे वर्ग काही महिने कसाबसा चालला, मग मुलींची संख्या रोडावली. आईबापांनी मुलींना तिच्या भरवशावर पाठवलं होतं, आमच्या भरवशावर नाही. मार्चएंड, तुमच्यावरचा हा माझा सगळ्यात मोठा आरोप आहे. बाकी पैशांचं जाऊ द्या, हा भरवसा तुम्ही बुडवलात आणि तो कुठल्याही पुरवणी मागणीत परत मिळत नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे आणि ती मी लपवणार नाही. संसद दरवर्षी सरकारला खर्चाची परवानगी देते, वर्ष संपलं की परवानगी संपते. लोकप्रतिनिधींनी सरकारच्या हातातल्या पैशांवर ठेवलेला हा अंकुश आहे आणि लोकशाहीत तो हवाच. कुठल्या तरी खात्याने वर्षानुवर्षे पैसे दाबून बसू नये हेही खरं. पण तुमची तारीख काही वेदांत सांगितलेली नाही. 1867 पर्यंत इथलं सरकारी वर्ष 1 मे रोजी सुरू व्हायचं. ब्रिटिशांनी ते आपल्या सोयीने 1 एप्रिलवर आणलं. एल. के. झा समितीने 1985 मध्ये पावसाळ्याचा विचार करून जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष सुचवलं, ते स्वीकारलं गेलं नाही. 2017 पासून केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेरीऐवजी 1 फेब्रुवारीला मांडला जाऊ लागला, आणि त्याचं कारण हेच सांगितलं गेलं की एप्रिल उजाडताच खात्यांच्या हातात पैसा असावा, पावसाळ्यापूर्वी कामं सुरू व्हावीत. म्हणजे दिल्लीतल्या मंत्रालयांना एप्रिलमध्ये पैसा मिळायची सोय झाली. तिथून तो कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गापर्यंत यायला दहा महिने का लागतात? अंतर तर मेट्रोच्या काही स्टेशनांचं आहे.

शिवाय तुमच्या घरचाच कायदा तुमच्याविरुद्ध आहे. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 62 वाचा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड उडवणं हा आर्थिक औचित्याचा भंग आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अर्थखात्याने शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्के अशी खर्चाची मर्यादाही घातलेली आहे. मंजुरी नोव्हेंबरात आणि पैसा फेब्रुवारीत देणाऱ्याने आम्हाला हा नियम मोडायलाच लावलं. भंग वर होतो आणि स्पष्टीकरण खाली मागितलं जातं. अलीकडे तर काही योजनांत पैसा खात्यावर येतच नाही, खर्चाची मर्यादा तेवढी येते. 31 मार्चच्या संध्याकाळी ती शून्य होते, आणि चेक वटला नाही म्हणून पुरवठादार आमच्या दारात येतो.

आणि कृपा करून असं सांगू नका की दुसरा मार्गच नाही. खासदारांचा स्थानिक विकास निधी घ्या. एका वर्षात खर्च झाला नाही तर तो बुडत नाही, पुढे जातो. ईशान्येकडच्या राज्यांसाठी केंद्राने 1998 साली न बुडणारा मध्यवर्ती निधीच काढला, खात्यांचा न वापरलेला हिस्सा त्यात जमा व्हावा म्हणून. गुरुग्रामच्या चकचकीत इमारतींतल्या कंपन्यांचं पाहा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली त्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. काम चालू असेल आणि पैसे उरले तर ते वेगळ्या खात्यात ठेवून तीन आर्थिक वर्षांत खर्चता येतात. कंपनीला कळतं की शाळा किंवा दवाखाना एका मार्चमध्ये उभा राहत नाही. खासदाराच्या समाजमंदिराला मुदत मिळते, कंपनीच्या प्रकल्पाला मुदत मिळते. विद्यार्थ्यांच्या वर्गाला का मिळत नाही? मला ह्याचं उत्तर हवंय, आणि ‘प्रोसीजर आहे’ हे उत्तर मी घेणार नाही.

जिथे विस्तारकार्याला बारमाही पैसा आहे तिथे ते टिकलंय, हेही डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेने 1914 साली स्मिथ-लीव्हर कायदा करून शेतकी कॉलेजांच्या विस्तारकार्याला दरवर्षीच्या पैशांची कायमची तरतूद केली. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत विस्तारासाठी स्वतंत्र माणसं नेमलेली असतात. खुद्द दिल्लीत, नजफगढच्या बाजूला, उजवा गावी कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्याला खात्री असते की आपण जाऊ तेव्हा तिथे कोणी तरी भेटेल. दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाची परंपरा 1946 पासूनची, बुराडीला त्यांचं ग्राम महिला केंद्र आहे. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ गावोगाव जयकर व्याख्यानमाला नेतं. ही कामं लोकांच्या ओळखीची झाली, कारण ती वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच नावाने दिसत राहिली.

तुमचे साथीदारही आहेत. बैठकीची तारीख तीनदा पुढे ढकलणारे अध्यक्ष आहेत. ‘मागच्या वर्षीचं यूसी आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही’ असं लिहिणारे, आणि आलेलं यूसी टेबलावर तीन महिने न उघडणारे आहेत. मार्चमध्ये एका दिवसाचं चर्चासत्र घेऊन अनुदान ‘संपवणारे’ आणि त्याबद्दल पाठ थोपटून घेणारे आमचे सहकारीही आहेत. त्यांच्याविषयी बोलायला कॉलेजच्या बैठका आहेत, तिथे मी बोलतेच. पण ह्या सगळ्यांना निबर केलं ते तुम्ही. पैसा वेळेवर आला असता तर ह्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी नीट काम केलं असतं, असं मला खरोखर वाटतं. माणसं मुळात वाईट नाहीत. मी त्यांना पावसात वस्तीत पाय रोवून उभं राहिलेलं पाहिलंय.

यंदाचा प्रस्ताव मी लिहून ठेवला आहे. रक्कम मागच्या वर्षीपेक्षा कमी मागितली आहे, अटी मात्र माझ्या आहेत. मंजुरी तीन वर्षांची हवी. पहिला हप्ता जुलैच्या आत, म्हणजे नदी चढायच्या आधी. वस्तीतल्या शिक्षिकेचं मानधन दर महिन्याला थेट तिच्या बँक खात्यात. 31 मार्चला जे उरेल ते त्याच वर्गाच्या नावाने एप्रिलमध्ये पुढे चालू. ई-रिक्शासारख्या फुटकळ खर्चासाठी विद्यार्थ्याच्या सहीचं आणि वस्तीतल्या एका माणसाच्या सहीचं रजिस्टर पुरावा म्हणून मान्य व्हावं. ऑडिटवाल्यांनी जरूर यावं, फाइल घेऊन नाही तर संध्याकाळी पाच वाजता खादरात यावं आणि मुलांना पाढे विचारावेत. ह्यातली एकही अट सरकारला नवी नाही. कुठे ना कुठे, कोणासाठी ना कोणासाठी ती आधीच लागू आहे.

प्रस्तावाची एक प्रत बहादूर शाह जफर मार्गावर जाईल, एक हौज खासला, एक आमच्या विद्यापीठाच्या वित्त अधिकाऱ्यांकडे. नोएडाच्या त्या मुलीशी मी बोलले आहे. महिन्याला पगार वेळेवर होणार असेल तर ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग घ्यायला तयार आहे. कारखाना सोडायला मात्र ती आता तयार नाही. पहिल्या महिन्याचे पैसे कधी मिळतील, असं तिने विचारलंय. तिला तारीख कळवायची आहे, ती तुम्हीच सांगा.

— दिल्लीतील एक मराठी शिक्षिका